खोडलेला जिना

"कलकत्त्यात तुम्ही काय काय बांधलंत?" असं कुणी विचारलं की मी जरा घुटमळतो. खरं सांगायचं तर मी बांधलं थोडं आणि खोडलं फार. माझं पद होतं एस्टिमेटरचं. आमचे साहेब नकाशा काढायचे. कागदावर सगळेच राजे असतात, तेव्हा मालकही खूश आणि साहेबही खूश. मग मी विटा, सिमेंट, लोखंड, मजुरी यांचा हिशेब मांडून आकडा सांगायचो आणि मालकाचा चेहरा उतरायचा. त्यानंतर ती सगळी वरात माझ्या टेबलाशी यायची. बादशाही नकाशा फकिराच्या झोळीत बसवायचा, हे माझं काम. लाल पेन्सिल घेऊन मी एकेक गोष्ट खोडत जायचो. ऑफिसातले बंगाली सहकारी मला काँचीबाबू म्हणायचे. काँची म्हणजे कात्री. कोकणातून आलेल्या माझ्या आठल्ये या आडनावापेक्षा त्यांच्या जिभेला तेच सोपं होतं, आणि पुढे पुढे मलाही ते आवडायला लागलं.

लोकांना वाटतं की काटछाट म्हणजे गणित. गणित त्यात आहेच, पण अर्ध्याहून जास्त तो भोचकपणा आहे. समोरच्या माणसाचं कशावाचून भागेल हे शोधून काढायचं असतं, आणि गंमत अशी की ते त्याचं त्यालाच ठाऊक नसतं. जे दिसत नाही ते सगळे आधी कापायला निघतात. गार्डन रीचला नदीकाठी एका व्यापाऱ्याचं गोदाम होतं. तो म्हणाला, "पाया एवढा खोल कशाला? जमिनीखाली कोण बघायला जातंय?" कलकत्त्याची जमीन म्हणजे नदीनं आणून टाकलेला गाळ. मी म्हटलं, "शेटजी, आणखी कुणी गेलं नाही तरी तुमची भिंत नक्की जाईल." तो हसला आणि पाया वाचला. बालीगंजच्या एका वकिलांनी मुलांची अभ्यासाची खोली कापली, पण फाटकावरचे दोन प्लास्टरचे सिंह काही केल्या सोडले नाहीत. वर्षभरानं मी त्या रस्त्यानं गेलो तर त्यांची दोन मुलं एकेका सिंहावर मांड ठोकून पुस्तक वाचत होती. तेव्हापासून कुणाच्या हट्टाला मी चटकन वेडेपणा म्हणत नाही. माणूस काय सोडायला तयार होतो आणि कशाला चिकटून बसतो, हे बघण्याचा मला छंदच लागला. काही लोक पोस्टाची तिकिटं जमवतात, मी हट्ट जमवले.

त्यातला सर्वांत मोठा हट्ट एका जिन्याचा.

फाळणी होऊन काही वर्षं झाली होती. पूर्व बंगालमधून आलेल्या घरांतल्या लेकीसुना नोकरीला लागल्या होत्या. टेलिफोनवर, शाळांत, इस्पितळांत, टाइपरायटरपुढे. त्यांतल्या एकट्या राहणाऱ्या बायकांसाठी एका विश्वस्त मंडळानं बालीगंजच्या पलीकडे वसतिगृह बांधायचं ठरवलं. जागा मंडळाचे अध्यक्ष चौधुरीमोशाय यांनी दिली होती. ते तागाच्या धंद्यातले, स्वभावानं उदार आणि थोडे हळवे. त्यांच्या आईच्या स्मरणार्थ ही इमारत होणार होती. म्हणून नकाशात दर्शनी बाजूला चार खांबांचं भव्य पोर्च होतं आणि त्यात आईच्या नावाची संगमरवरी पाटी. बाकी इमारत दुमजली, सरळ आणि साधी होती.

पाया भरला, जोतं वर आलं, आणि सरकारी अनुदानाचा हात आखडला. मंजूर झालेल्याच्या जेमतेम निम्मंच मिळेल असं कळलं. बायका ज्या भाड्याच्या घरात दाटीवाटीनं राहत होत्या, तिथल्या मालकानं जागा सोडायला सांगितली होती. त्यामुळे काम थांबवणं शक्य नव्हतं. इमारत व्हायलाच हवी होती, फक्त कमी पैशांत. कात्री माझ्याकडे आली.

अशा वेळी माझी एक पद्धत होती. मी नकाशावर एकट्यानं खोडाखोड करत नसे. चुन्याची फक्की घेऊन जागेवर जायचो, जमिनीवर खऱ्या मापाच्या खोल्या आखायचो आणि जे तिथे राहणार त्यांना बोलावून त्या रेघांतून चालायला लावायचो. नकाशा फार थोड्यांना वाचता येतो, पण खाट कुठे लागेल आणि बादली कुठे ठेवायची हे पायांना लगेच कळतं. साहेब या प्रकाराला माझी रांगोळी म्हणायचे.

त्या दिवशी रांगोळीतून चालायला आल्या त्या वसतिगृहाच्या व्यवस्थापक, नीहारकणादेवी. सगळे त्यांना नीहारदी म्हणत. पूर्व बंगालमधल्या बारिसालच्या, लहान वयात विधवा झालेल्या, काठ नसलेलं पांढरं पातळ, पायांत साध्या चपला आणि सोवळ्याओवळ्याला अतिशय कडक. स्वतःचा हविष्यान्नाचा भात वेगळ्या चुलीवर स्वतः शिजवायच्या, असं मी ऐकून होतो. त्यांच्याबरोबर बुलू नावाची टेलिफोन ऑपरेटर मुलगी होती. ती सारखी हसायची.

मी म्हटलं, "नीहारदी, मोझेक फरशी जाईल. त्याऐवजी लाल सिमेंट."

"जाऊ द्या. लाल जमीन पायाला गार लागते."

"आतून गिलावा होणार नाही. विटांवर नुसती सफेदी."

"चालेल."

"दोघींची खोली चौघींची होईल."

यावर त्यांनी बुलूकडे पाहिलं. बुलू म्हणाली, "आता आम्ही सहा जणी झोपतो. दोन कमीच झाल्या की!"

असं एकेक करत आम्ही शेवटी आलो. शेवटचं कलम मी मुद्दाम राखून ठेवलं होतं, कारण त्यावर मी स्वतःवरच खूश होतो. एकाच फटक्यात भरपूर बचत, आणि कुणाच्या अंगावर ओरखडासुद्धा नाही. मी म्हणालो, "आणि पहिल्या मजल्यावरून गच्चीवर जाणारा जिना आपण काढून टाकतोय. जिन्याच्या डोक्यावरची ती चिलेकोठ्याची खोली आणि गच्चीभोवतीचा कठडाही जाईल. वर कुणी जाणारच नाही तर कठडा कशाला? टाकी साफ करायला शिडी लावता येईल."

नीहारदी चुन्याच्या रेघेवरच थांबल्या. बुलूचं हसू गेलं.

"ना," नीहारदी म्हणाल्या. "छाद थाकबे." गच्ची राहील.

"गच्ची आहेच की. छप्पर तर लागतंच. फक्त वर जायचं नाही, एवढंच."

"वर जायचं नसेल तर ती गच्ची कशी?"

आता माझी बाजूही समजून घ्या. मी राजापूरकडचा. आमच्याकडे छपराला कौलं असतात. त्यावर माकडं जातात, आणि पावसाआधी कौलं शाकारायला गडी जातो. शहाण्यासुरत्या बाईमाणसानं छपरावर चढायचं म्हणजे काय, हे माझ्या डोक्यातच शिरेना. माझ्या लेखी छप्पर ऊनपाऊस अडवायला असतं, बस्स. मी म्हटलं, "कपडे वाळत घालायला मागचा व्हरांडा आहे ना?"

नीहारदींनी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. रागानं नव्हे. आजारी माणसाकडे डॉक्टर पाहतो तसं. मग त्यांनी विचारलं, "आठल्येबाबू, तुमच्या पत्नी कुठे असतात?"

"इथेच. बालीगंजला. घरी."

"दुपारी कुठे असतात?"

"घरीच. कुठे जाणार?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, आणि बुलू तोंडावर पदर घेऊन खुदकन हसली. "त्यांना विचारा," नीहारदी म्हणाल्या. "मग पुन्हा या. तोवर ते कलम खोडू नका."

संध्याकाळी घरी आल्यावर मी कुमुदला, म्हणजे माझ्या पत्नीला, विचारलं. आम्ही तेव्हा एका बंगाली कुटुंबाच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होतो. खाली मालकीणबाई राहायच्या, त्यांना आम्ही माशीमा म्हणजे मावशी म्हणत असू.

"तू दुपारी काय करतेस गं?"

"का? आज अचानक चौकशी?"

"सहज."

"गच्चीवर असते."

"गच्चीवर काय करतेस?"

तिनं हातातली लाटी परातीत ठेवली. "अहो, लग्न होऊन मी इथे आले तेव्हा बंगालीचं एक अक्षर येत नव्हतं मला. आता मासळीवाल्याशी भांडते. ते कुठे शिकले असं तुम्हाला वाटलं?"

मला काहीच वाटलं नव्हतं. मी त्याचा विचारच केला नव्हता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. दुनियेच्या घरात नाक खुपसून कोण काय वापरतं याची टिपणं काढणारा मी, माझ्याच डोक्यावर माझी बायको रोज दुपारी काय करते हे मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "मला बघायचंय."

"पुरुषांनी नाही यायचं त्या वेळी."

"असा नियम आहे?"

"नियम कसला? कुणी येत नाही, झालं." मग तिला माझी दया आली असावी. "उद्या अर्धी रजा टाका. पण चिलेकोठ्यात उभं राहायचं, दाराआड. बाहेर पाऊल टाकायचं नाही. मी माशीमांना सांगून ठेवते."

दुसऱ्या दिवशी, मी नकाशातून खोडायला निघालो होतो तशाच एका चिलेकोठ्यात, जुन्या कंदिलांच्या आणि तुटक्या खुर्च्यांच्या गर्दीत, मी चोरासारखा उभा राहिलो आणि दाराच्या फटीतून पाहिलं.

थंडीचे दिवस होते. ऊन मऊ होतं. माशीमा पांढऱ्या फडक्यावर डाळीच्या पिठाच्या बड्या, म्हणजे आपले सांडगे, घालत होत्या आणि शेजारी आमच्या कुमुदच्या कुरडया वाळत होत्या. माशीमांची सून केस मोकळे सोडून उन्हाकडे पाठ करून बसली होती. इथपर्यंत ठीक. पण मग कुणीतरी लांबून हाक मारली, कुमुदनं ओ दिली आणि माझी नजर कठड्यापलीकडे गेली. शेजारच्या गच्चीवर बायका. त्याच्या पलीकडच्या गच्चीवर बायका. जिथवर नजर पोचेल तिथवर गच्च्या, आणि प्रत्येक गच्चीवर बायका बसलेल्या, उभ्या, केस विंचरणाऱ्या, लोणच्याच्या बरण्या उन्हात फिरवणाऱ्या. एका गच्चीवरून दुसरीवर निरोप चालले होते. कुणाच्या मुलीला दाखवायला पाहुणे आले होते, कुणाची सासू आजारी होती, कुणीतरी विणकामाचा नमुना कठड्यावर पसरून पलीकडचीला टाके मोजून दाखवत होती. एक म्हातारी नुसतीच आभाळाकडे बघत पडली होती. खाली रस्त्यावर ट्राम होती, रिक्षा होत्या, फेरीवाले होते आणि सगळे पुरुष. रस्त्यावर यातली एकही कधी दोन मिनिटं रेंगाळली नसती. इतकी वर्षं मी ज्या शहरात राहत होतो त्याच्या वर आणखी एक शहर होतं, आणि कुमुद तिथली जुनी रहिवासी होती.

तिची एक मैत्रीण तीन घरं सोडून राहायची. दोघींची रोज गाठ पडायची, पण रस्त्यावर त्या कधीच भेटल्या नव्हत्या. कुमुद म्हणाली, "खाली भेटलो तर कदाचित ओळखणारही नाही. तिला चपला घातलेलं मी कधी पाहिलेलंच नाही."

मी खाली उतरलो तेव्हा मला थोडी लाज वाटत होती आणि त्याहून जास्त उत्सुकता वाटत होती. खरी अडचण आता होती. गच्ची हवी हे पटलं, पण पैसे कुठे होते?

नीहारदींच्या त्या भाड्याच्या घरी गेलो. ते घर पाहिल्यावर उरलंसुरलंही कळलं. आत दोऱ्या बांधून पातळं वाळत घातलेली. सगळ्या घराला ओल्या कपड्यांचा वास. वर जायला जिना होता, पण त्याच्या दाराला घरमालकाचं कुलूप होतं. "गच्ची भाड्यात धरलेली नाही," असं तो म्हणे. नीहारदी म्हणाल्या, "या मुली घरातून निघाल्या की बसमध्ये, बसमधून ऑफिसात, ऑफिसातून परत घरात. डोक्यावर सतत काहीतरी छत. बारिसालला आमचं अंगण होतं, आठल्येबाबू. इथे अंगण मागायला मी वेडी नाही. आभाळ मागते, ते तर कुणाला विकत घ्यायचं नाही ना?"

"आभाळ नाही," मी म्हटलं, "पण कठडा घ्यायचाय."

सगळ्या जणी भोवती बसल्या. मी त्यांना आमच्या धंद्यातली गोम सांगितली. एक गोष्ट परत हवी असेल तर तेवढ्याच वजनाची दुसरी द्यावी लागते. काय देता? कुणी म्हणालं, पंखे द्या. कुणी म्हणालं, जेवणघर लहान करा. मी मान हलवत राहिलो. तेवढ्यानं भागणार नव्हतं. मग बुलूनं विचारलं, "ती भेटीची खोली किती वजनाची आहे?"

भेटीची खोली म्हणजे मुलींचे भाऊ, काका भेटायला आले तर त्यांना बसवायची बैठक. मंडळाच्या दृष्टीनं वसतिगृहाची सगळी अब्रू त्या खोलीत होती. पुरुष तिथेच अडवायचे, आत एक पाऊल नाही.

"ती काढली तर तुमचे पाहुणे कुठे बसतील?"

"पोर्चमध्ये!" बुलू म्हणाली. "चार खांब आहेत, छत आहे, वारा आहे. तीन बाकं टाकली की झालं. माझा दादा आला की राजासारखा बसेल."

मी पेन्सिल खाली ठेवली. माझ्या कात्रीची सगळी नजर त्या पोर्चवर होती. ते निरुपयोगी आहे आणि चौधुरीमोशाय ते सोडणार नाहीत, म्हणून मी मनातल्या मनात चडफडत होतो. आणि या मुलीनं ते न कापता कामाला लावलं होतं. भेटीची खोली काढली की कठड्याचे पैसे निघत होते. जिना आणि चिलेकोठा मात्र अजूनही अधांतरी होते.

मंडळाच्या सभेत चौधुरीमोशाय पोर्चमध्ये बाकं म्हटल्यावर आधी दचकले. मी हळूच म्हटलं, "प्रत्येक भेटायला येणारा माणूस तुमच्या आईंच्या नावाच्या पाटीसमोर बसेल. वाचण्याखेरीज दुसरं काही करण्यासारखं तिथे नसेल." हे मी थट्टेनं म्हटलं नव्हतं. त्यांचे डोळे पाणावले, आणि कठडा मंजूर झाला. जिन्यावर मात्र घोडं अडलं. "कठडा देतोय ते ठीक," ते म्हणाले, "पण जिन्यापुरतं कुठून आणू? पुढे कधी पैसे आले तर बघू." हा 'पुढे कधी' मी पुष्कळ इमारतींत पाहिला आहे. तो सहसा येत नाही.

जिना मिळाला बागबाजारात.

उत्तर कलकत्त्यातली जुनी मोठी घरं तेव्हा एकेक करून पाडली जात होती, आणि त्यांचे दरवाजे, तुळया, संगमरवर विकणारे लोक होते. माझी त्यातल्या नंदबाबूंशी जुनी दोस्ती होती. कधीकाळी मराठ्यांच्या भीतीनं या शहरानं जो खंदक खणला, तो त्यांच्याच भागात सुरू व्हायचा. लुटायला येणाऱ्या त्या मराठा स्वारांना बंगालीत बर्गी म्हणत. त्यामुळे मी दिसलो रे दिसलो की ते ओरडायचे, "बर्गी आले! खंदक बुजवला तीच चूक झाली!" आणि मग चहा मागवायचे. त्या दिवशी मी म्हटलं, "नंदबाबू, लुटायलाच आलोय. जिना आहे का स्वस्तातला?"

त्यांनी मागच्या अंगणात नेलं. पाडलेल्या एका घराच्या पिछाडीचा लोखंडी चक्री जिना गंजत पडला होता. मधे एक खांब आणि त्याभोवती पंख्यासारख्या ओतीव नक्षीच्या पायऱ्या. एक पायरी तडकलेली, बाकी ठणठणीत. खोलून नेता येण्यासारखा. मी पायऱ्या वाजवून पाहिल्या. घंटेसारखा नाद आला.

"लोखंडाच्या भावानं घ्या," नंदबाबू म्हणाले. मग आवाज उतरवून, "पण बाईलोकांसाठी नेताय ना? हा कसला जिना आहे ठाऊक आहे ना?"

ठाऊक होतं. कलकत्त्यात सगळ्यांनाच ठाऊक असतं. जुन्या घरांच्या मागे गल्लीतून वर जाणारा असा जिना असे तो संडास साफ करणाऱ्या मेहतरांसाठी. त्यांची सावली घरात पडू नये म्हणून त्यांची वाट वेगळी, बाहेरून. घरातलं कुणी त्यावर पाऊल ठेवत नसे. मी तो घेतला. दगडापेक्षा वीट मऊ म्हणतात, आणि माझ्याजवळ दगड घेण्याइतकेही पैसे नव्हते.

इमारत पुरी होत आली, तसा आम्ही तो पहिल्या मजल्याच्या मागच्या व्हरांड्यातून गच्चीपर्यंत चढवला. काळा रंग दिला. मंडळाचे लोक पाहायला आले आणि जे व्हायचं तेच झालं. एकानं कपाळाला आठ्या घातल्या. दुसरा म्हणाला, "भद्र घरच्या मुली मेहतराच्या जिन्यानं चढणार?" चौधुरीमोशायांचाही पाय मागे सरकलेला दिसत होता. मी चुन्याच्या मापाबद्दल काहीतरी बोलू लागलो. माझं लक्ष नीहारदींकडे होतं. स्वतःच्या चुलीला दुसऱ्याचा हात लागू न देणारी बाई. मी मनात म्हटलं, आता संपलं. हा जिना परत बागबाजारला जाणार.

व्हरांड्याच्या टोकाला झाडू घेऊन लखिया उभी होती. ती वसतिगृहात सफाईच्या कामाला होती. नीहारदींनी तिला हाक मारली. "लखिया, या असल्या जिन्यानं तू कधी चढली आहेस?"

"रोजच चढायची, माँ. घागऱ्याचा घोळ सांभाळायचा आणि मधल्या खांबाला धरायचं."

"कसं ते दाखव."

लखिया मंडळाच्या लोकांकडे बघत बिचकत पुढे आली आणि झपझप वर गेली. पायऱ्या ठणठण वाजल्या. नीहारदींनी चपला काढल्या, पातळ सावरलं, ती जिथे हात ठेवत गेली होती तिथेच खांबाला हात ठेवला आणि तिच्यामागून चढायला लागल्या. कुणाशी वाद नाही, भाषण नाही. अर्ध्यावर थांबून त्यांनी वाकून खाली पाहिलं. "चौधुरीमोशाय," त्या म्हणाल्या, "देवळाच्या पायऱ्या चढताना आधी त्यावरून कोण गेलं ते आपण विचारतो का?" आणि वर दिसेनाशा झाल्या. चौधुरीमोशायांनी पुढे होऊन जिन्याचा मधला खांब हलवून पाहिला. मग म्हणाले, "मजबूत आहे ना?" मी हो म्हटलं.

पुढे खरोखरच पैसे आले. 'पुढे कधी' आलेला मी पाहिलेला हा दुर्मीळ प्रसंग. मंडळानं मला पक्का जिना आणि चिलेकोठा बांधून द्यायला सांगितलं. नीहारदींनी ते पैसे आजारी मुलींच्या खोलीकडे वळवले. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाल्या, "हा जिना वाजतो. कोण येतंय ते वर आधीच कळतं. तुम्ही लोक सिमेंटचा जिना द्याल, तो चुगली करत नाही."

ते किती खरं होतं याचा अनुभव मला आधीच आला होता. मुली राहायला आल्यानंतर थोड्याच दिवसांनी मी कंत्राटदाराच्या बिलासाठी शेवटची मापं घ्यायला गेलो होतो. खोल्या झाल्या, व्हरांडा झाला. गच्ची राहिली. दुपार होती, पण रविवार असल्यामुळे त्या घरी असतील हे माझ्या डोक्यात आलं नाही. टेप घेऊन मी चढू लागलो. पहिल्याच पायरीनं ठण केलं आणि वरचा कलकलाट एकदम थांबला.

"के?" वरून आवाज आला. कोण?

"मी. काँचीबाबू."

वर हशा उसळला. मग बुलूचा आवाज. "एकटू दाँडान!" जरा थांबा. "वर यायचं नाही!"

"अगं, मला माप घ्यायचंय!"

"टेपचं टोक द्या इकडे, आम्ही घेतो!"

मी शेवटून दुसऱ्या पायरीवर, डोकं गच्चीच्या खाली ठेवून, उभा राहिलो आणि टेपचं टोक वर केलं. कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या आणि टेप माझ्या हातातून सरसरत गेला. वर धावाधाव, ओरडाआरडा. "ताणून धर!" "लखिया, त्या कोपऱ्यात जा!" "बड्यांवर पाय देऊ नकोस गं!" त्या गडबडीत टेप कितीदा वाकडा झाला असेल कोण जाणे. अखेर बुलूनं खणखणीत आवाजात आकडा सांगितला. तो नकाशापेक्षा चांगला फूटभर जास्त होता.

"नीट वाचलंस ना?"

"अगदी नीट, काँचीबाबू!"

मी टेप गुंडाळला आणि खाली उतरलो. त्या गच्चीवर मी नंतर कधीच गेलो नाही. बांधताना तिथे उभा राहिलो होतो, पण तेव्हा तो नुसता स्लॅब होता. कंत्राटदाराचं बिल नकाशातल्या मापानंच चुकतं केलं, त्यात काही बदललं नाही. पण माझ्याजवळच्या नकाशाच्या प्रतीवर गच्चीच्या जागी मी बुलूनं सांगितलेला आकडा लिहिला. जन्मभर दुसऱ्यांच्या स्वप्नांतून फूट आणि इंच कापत आलो. हा एक फूट मात्र मी कापला नाही.